मूर्च्छेला साक्षीदार कोण?

या मालिकेत आतापर्यंत आम्ही प्रमाणांबद्दल बोललो. एखादी गोष्ट आपल्याला खरी कळली, असं कशाच्या जोरावर म्हणायचं, हा तो विषय. गेल्या वेळी एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली : ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण दवाखान्यात याचा काही उपयोग आहे का?’ आजचं व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचं उत्तर. विषय आहे मूर्च्छा, आणि तिचं कारण शोधणाऱ्या यंत्रांचा इतिहास. एक खुलासा आधीच करून टाकतो. आमच्या नावामागचं ‘डॉक्टर’ तत्त्वज्ञानातलं आहे. गल्लीतली म्हातारी माणसं अजून आमच्यापुढे नाडी धरतात, त्यांनाही आम्ही हेच सांगतो. तेव्हा आज उपचार सांगणार नाही, इतिहास सांगू.

आपल्या वऱ्हाडात माणूस अचानक पडला की त्याला किती नावं आहेत बघा. चक्कर आली, घेरी आली, भोवळ आली, डोळ्यापुढे अंधारी आली, फेफरं आलं, मिरगी आली, फिट आली, अंगात आलं, बाहेरचं लागलं. वैशाखात वावरात पडला तर ऊन लागलं. एकादशीला पडली तर उपासानं. आजूबाजूचे लोक धावतात, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी तोंडावर पाणी मारतं. अर्ध्या मिनिटात माणूस उठून बसतो आणि विचारलं ‘काऊन पडली व?’ तर म्हणते, ‘काई नाई, जराक अंधारी आल्ती.’ कांद्याला श्रेय मिळतं. खरं म्हणजे कांदा नसता तरी ती उठलीच असती.

ही गोष्ट चरकाला पक्की ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास असा चढता क्रम सांगितलाय. त्यातला भेद असा, की मद आणि मूर्च्छा यांचा वेग ओसरला की त्या आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून जात नाही. आजच्या भाषेत संन्यास म्हणजे कोमा म्हणा. आमच्या मते मूर्च्छेचं सगळं कोडं त्या ‘आपोआप शमते’ यातच आहे. ताप असतो तेव्हा वैद्य तो हात लावून बघतो. मोडलेलं हाड महिनाभर मोडलेलंच राहतं. मूर्च्छा मात्र वैद्य येईपर्यंत निघून जाते, आणि जाताना आपला पुरावा घेऊन जाते. ज्याला ती आली तो साक्षीदार होऊ शकत नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी तो ‘नव्हता’. जे बघत होते ते घाबरले होते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात माणूस पोचतो तेव्हा त्याची नाडी चांगली, रक्तदाब चांगला, ईसीजी चांगला. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ घरचे खूश होऊन परततात. आणि चार महिन्यांनी तो पुन्हा पडतो.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ काय? इथे आमचा धंदा सुरू होतो.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टानं ‘अनुपलब्धि’ हे वेगळं प्रमाण मानलं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारलं. उदाहरण नेहमीचंच : जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळलं? नसलेला घट डोळ्यांना दिसत नाही. तर घट ‘न दिसणं’ हेच त्याच्या अभावाच्या ज्ञानाचं साधन. पण इथे एक अट आहे, आणि ती नैयायिकांनीही मान्य केली, जरी त्यांना हे प्रमाण स्वतंत्र म्हणून मान्य नव्हतं. अट अशी, की घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. हिला म्हणतात योग्यानुपलब्धि. दिवा लावलेल्या खोलीत घागर दिसली नाही तर ‘घागर नाही’ म्हणा. अंधाऱ्या खोलीत दिसली नाही तर तसं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. पिशाच दिसलं नाही म्हणून पिशाच नाही असंही सिद्ध होत नाही, कारण ते असलं तरी दिसणारं नव्हतंच. हे उदाहरणही शास्त्रकारांचंच आहे, आमचं नव्हे.

आता हिशेब करा. साधा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. वर्षाचे सेकंद होतात तीन कोटी पंधरा लाखांच्या वर. वर्षातून दोनदा, अर्धा-अर्धा मिनिट पडणाऱ्या माणसाचे दहा सेकंद आपण बघितले, तेही तो शुद्धीत आणि खाटेवर निवांत असताना, आणि म्हणालो की हृदयाची लय बरोबर आहे. ही अंधारातली घागर झाली. ईसीजी निरुपयोगी आहे असं म्हणत नाही हं. कधी कधी त्या दहा सेकंदांतही हृदयातल्या विजेच्या वाटेतला जुना बिघाड दिसून जातो, आणि मग काम सोपं होतं. म्हणून तो प्रत्येकाचा काढलाच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की त्यात काही न दिसणं आणि काही नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या यंत्रांचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे अंधाऱ्या खोलीत हळूहळू दिवा आणण्याचा इतिहास, असं आम्ही समजतो.

तो सुरू होतो आयर्लंडमध्ये, डब्लिनला. १८२७ साली रॉबर्ट ॲडम्स या शल्यवैद्यानं महसूल खात्यातल्या एका ६८ वर्षांच्या अधिकाऱ्याची हकीकत लिहिली. या गृहस्थाची नाडी फार मंद चालायची आणि त्याला पुन्हा पुन्हा बेशुद्धीचे झटके यायचे. त्या काळी अशा झटक्याचं मूळ डोक्यात धरत. ॲडम्सचं म्हणणं पडलं की मूळ हृदयात आहे, डोकं फक्त त्याचे परिणाम भोगतं. त्याच गावच्या विल्यम स्टोक्सनं १८४६ मध्ये कायम मंद नाडीच्या रोग्यांवर निबंध लिहिला. आजही अशा झटक्यांना स्टोक्स-ॲडम्स म्हणतात. हे दोघं हे सांगू शकले ते कशाच्या बळावर? त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. पण त्यांचे रोगी झटका नसतानाही मंद नाडीचेच होते. म्हणजे पुरावा पळून गेलेला नव्हता. ज्यांची नाडी एरवी अगदी ठीक असते आणि फक्त त्या क्षणी थांबते, त्यांच्याबद्दल डब्लिनच्या या वैद्यांनाही काही कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याकडची नाडीपरीक्षाही, जिचा विस्तार शार्ङ्गधरसंहितेपासून दिसतो, याच ठिकाणी अडते. बोट नाडीवर असेल तोवरच वैद्याला कळणार.

पुढे हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज कागदावर उतरवणारं यंत्र बनवलं. वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात. इतकं धूड दवाखान्यात हलवता येईना, तर पठ्ठ्यानं दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून तारेनं रोग्याच्या हृदयाचे संदेश आपल्या प्रयोगशाळेत आणले. आज तालुक्याच्या गावातून ईसीजीचा फोटो शहरातल्या डॉक्टरच्या मोबाइलवर जातो त्याचे हे पणजोबा. मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावणारं टेलि-ईसीजी यंत्र बनवलं, तेही याच वंशातलं. आइन्थोव्हेनला १९२४ चं नोबेल मिळालं. काही वर्षांतच ही विद्या आपल्या शेजारपर्यंत आली. १९३६ मध्ये गांधीजी वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये विशेषांकात छापल्या, त्यात रक्तदाबाच्या आकड्यांबरोबर त्यांच्या हृदयाचा आलेखही आहे. जरूर बघा. निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसानं आपलं हृदय यंत्राला दाखवलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

पण दहा सेकंद ते दहा सेकंदच. यातून बाहेर काढलं अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन जेफ होल्टर यानं. हा डॉक्टर नव्हता, भौतिकशास्त्रातला माणूस. प्रयोगशाळा कुठे, तर रेल्वेच्या जुन्या स्टेशनात. (आपल्या शकुंतलेची ओस पडलेली स्टेशनं आठवली की आम्हाला हे नेहमी आठवतं.) त्याचा प्रश्न साधा होता : माणूस खाटेवर पडून जगत नाही, तो चालतो, जिने चढतो, भांडतो. मग हृदय खाटेवरच का तपासायचं? १९४७ च्या सुमारास त्यानं पाठीवर बांधायचं यंत्र केलं, ३८ किलोचं, हृदयाचे संदेश रेडिओनं पाठवणारं. ते पाठीवर घेऊन तो सायकल चालवायचा. ३८ किलो म्हणजे आपल्याकडच्या कापसाच्या गाठोड्याएवढं ओझं! पुढे ट्रान्झिस्टर आले, टेप आली, यंत्र कमरेला मावू लागलं. १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यानं आपली पद्धत मांडली. आज तुमच्यापैकी कित्येकांनी छातीला चकत्या चिकटवून ‘होल्टर’ लावून घेतलं असेल. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दहा सेकंदांचे चोवीस तास झाले. मोठी उडी. तरी चार महिन्यांतून एकदा पडणाऱ्याच्या दृष्टीनं एकशेवीस रात्रींपैकी एकाच रात्री दिवा लागला.

शिवाय एक नवीच भानगड झाली. चोवीस तासांच्या नोंदीत काही ना काही बारीकसारीक सापडतंच. एखादा ठोका आगंतुक, एखादा चुकलेला. निरोगी माणसातही सापडतो. मग हेच पडण्याचं कारण असं म्हणायचा मोह होतो. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. अंधारात ‘नाही’ म्हणणं ही एक चूक, आणि कावळ्याच्या माथी फळ मारणं ही दुसरी. दोन्ही टाळायच्या तर माणूस पडतो नेमक्या त्याच मिनिटाची नोंद पाहिजे.

माणसाला माणसानं असं पहाऱ्यावर ठेवता येतं का? कधी कधी येतं. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हृदयाची अवस्था टिपली. त्या निरीक्षणांतून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पण विंचवाचं विष तासा-दिवसांत आपला खेळ दाखवतं. मूर्च्छा महिनोन्महिने येतच नाही. कोण बसणार तोवर उशाशी?

म्हणून पहारेकरी कातडीखाली बसवायची कल्पना निघाली. कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या लंडन नावाच्या शहरात, जॉर्ज क्लाइन, अँड्र्यू क्रान आणि रेमंड यी यांनी १९९० नंतर हे काम केलं. गंमत अशी, की औषध आधीच येऊन बसलं होतं. हृदय थांबतं त्यांना पेसमेकर द्यायचा, हे १९५८ पासून माहीत होतं. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये ओके सेनिंग या शल्यवैद्यानं अर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला. लार्सनना दिवसातून वीस-तीस झटके यायचे. पहिलं यंत्र काही तासच चाललं, पण गृहस्थ २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. तोवर त्यांना २६ पेसमेकर लागले आणि बसवणारा सर्जन व बनवणारा इंजिनिअर दोघंही त्यांच्या आधी गेले. म्हणजे उपाय १९५८ चा, आणि कोणाला तो द्यायचा याचा पुरावा मिळवायचं यंत्र जवळजवळ चाळीस वर्षांनंतरचं.

या यंत्राला लूप रेकॉर्डर म्हणतात. ते चालतं कसं? रहाटगाडगं आठवा. एक गाडगं भरून वर येतं, ओततं, रिकामं होऊन पुन्हा खाली जातं. याची स्मृती तशीच. काही मिनिटांची नोंद भरते, जुनी पुसली जाते, नवी भरते. वर्षभराचं सगळं साठवायला जागा कुठली? पण ज्या क्षणी रहाट थांबवला, त्या क्षणी भरलेली गाडगी तशीच राहतात. पहिल्या यंत्रात शुद्धीवर आल्यावर रोग्यानं किंवा घरच्यांनी एक बटण दाबायचं असे, की मागच्या काही मिनिटांची नोंद पक्की झाली. म्हणजे घटना होऊन गेल्यावर मागे वळून तिला पकडायचं. मूर्च्छा पुरावा घेऊन पळते ना, तिला उंबरठ्यावरच अडवायची ही युक्ती आम्हाला फार आवडते. लोक घाबरून बटण दाबायचं विसरू लागले, तेव्हा २००० च्या सुमारास यंत्र आपण होऊन थांबा किंवा धाव ओळखून नोंद ठेवू लागलं. पहिली यंत्रं १७ ग्रॅमची, चौदा महिने चालणारी. २०१४ मध्ये आलेली अडीच ग्रॅमची, तीन वर्षांची. छातीच्या डाव्या बाजूला जागा बधिर करून छोटी चीर घेतात आणि कातडीखाली सरकवतात. हृदयात तार जात नाही.

खरंच फरक पडला का? २००१ साली याच मंडळींनी ६० रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला वर्षभर हे यंत्र. नेहमीच्या तपासण्यांत शंभरात २० जणांचं कारण सापडलं, यंत्रात ५२ जणांचं. निम्म्यांचं तरीही नाही, हे लक्षात ठेवा. कारण कित्येक जण त्या वर्षात पडलेच नाहीत. जो पडलाच नाही त्याची कोरी नोंद काहीच सांगत नाही.

मात्र तो पडला, आणि त्या मिनिटाला लय बरोबर होती, तर? आमच्या दृष्टीनं हा या यंत्राचा सगळ्यात मोठा निकाल. घरच्यांना वाटतं, पैसे वाया गेले, काहीच निघालं नाही. अहो, निघालं ना! आता ‘लयीत दोष नाही’ हे दिवा लावलेल्या खोलीतलं ‘नाही’ आहे. आता डॉक्टर निर्धास्तपणे दुसरीकडे बघू शकतात : रक्तदाब, मेंदू, मन.

हे सगळं शब्दांचं खेळणं नाही. चुकीच्या नावाची किंमत आपल्याकडे माणसं मोजतात. मेंदूला रक्त कमी पडलं की हातपाय झटकतात. १९९४ मध्ये जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून चित्रण केलं, तेव्हा पूर्ण बेशुद्ध झालेल्यांपैकी शंभरात ९० जणांचे स्नायू झटकत होते. बघणारा काय म्हणेल? मिरगी. इंग्लंडमध्ये २००० साली मिरगीचा शिक्का असलेल्या ७४ जणांची नव्यानं तपासणी झाली, त्यात ३१ जणांच्या झटक्यांचं कारण वेगळंच निघालं. आता हा शिक्का आपल्याकडे काय करतो? १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्माराची आकडी ही लग्नाला बाधा होती. ते शब्द वगळायला १९९९ उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं एखाद्या मुलीचं लग्न त्या एका शब्दावर मोडू शकत होतं, आणि तो शब्द कदाचित खोटा होता. कायदा बदलला, सोयरीक जुळवणाऱ्यांच्या कानगोष्टी बदलल्या नाहीत. इकडे ट्रकवाल्याचं बघा. लायसन्सच्या अर्जात प्रश्न असतो, की तुम्हाला मिरगी किंवा अचानक शुद्ध जाण्याचे, चक्कर येण्याचे झटके येतात का. पोटासाठी माणूस ‘नाही’ लिहितो. मग तो आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर, ज्याचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये विक्रमी वेळात बांधला, त्या गुळगुळीत रस्त्यावर, पंचवीस टन माल घेऊन ऐंशीच्या वेगानं निघतो. खरं कारण सापडलं आणि ते पेसमेकरनं सुटणारं असलं, तर तोच माणूस डॉक्टरच्या सल्ल्यानं पुन्हा उजळ माथ्यानं काम करू शकतो.

पेसमेकर म्हणजेही रामबाण नव्हे, तेही सांगून टाकतो. साध्या भीतीच्या, वेदनेच्या, उभं राहण्याच्या मूर्च्छेतही कधी कधी हृदय थांबलेलं नोंदीत दिसतं. चाळिशीपुढच्या अशा रोग्यांवर युरोपात २०१२ मध्ये एक चाचणी छापली गेली. सगळ्यांना पेसमेकर बसवला, निम्म्यांचा चालू ठेवला, निम्म्यांचा बंद. दोन वर्षांत बंदवाल्यांपैकी शंभरात ५७ जण पुन्हा पडले, चालूवाल्यांपैकी २५. चांगला फरक आहे. पण पंचवीस पडलेच, कारण हृदय थांबतं त्याच वेळी रक्तदाबही कोसळतो, आणि पेसमेकर रक्तवाहिन्या आवळत नाही. एका कार्याला दोन कारणं असली तर एक काढून कार्य जात नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजतं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. आपल्याकडे शासनाची जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते आणि पेसमेकर तिच्यात बसतो. पण योजनेला कागद लागतो, आलेखाची पट्टी लागते. ज्याची मूर्च्छा पट्टीत सापडत नाही तो दारातच अडतो. आणि पट्टीत पकडणारं हे यंत्र महाग, शेतमजुराच्या आवाक्याबाहेरचं. उपचाराला पैसा द्यायचा आणि पुराव्याला नाही, हे धोरण आम्हाला उलटं वाटतं.

तोवर काय करायचं? साक्षीदार सुधारायचा. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन, आणि आप्त तो, ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो. पडणाऱ्याबरोबर दवाखान्यात कोणी जावं? ज्यानं बघितलं त्यानं. आमच्याकडे वावरात बघते सोबतची मजूर बाई आणि दवाखान्यात जातो शहरात राहणारा पुतण्या, ज्याला इंग्रजी येतं. त्या बाईला न्या. पडण्याआधी उभी होती की बसलेली? रंग पांढराफटक पडला होता का? मळमळ, घाम होता? की काहीही न होता, बोलता बोलता, काम करता करता कोसळली? हे शेवटचं उत्तर ‘हो’ असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. कारण त्या उत्तरानं ते ताबडतोब हृदयाकडे वळतात. शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं की बराच वेळ गोंधळलेली होती? जीभ चावली होती का, आणि कडेनं की टोकाला?

आणि दुसरं, मोबाइल. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्येही घरी केलेल्या चित्रणाला किंमत दिली आहे. पडलेल्याला आडवं करा, पाय थोडे वर करा, श्वास चालू आहे ना बघा. श्वास चालत नसेल तर चित्रण सोडा, छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा. श्वास चालत असेल तर तिथे जमलेल्या दहा जणांपैकी एकानं, जो कांदा आणायला धावत होता त्यानं, फोन काढावा आणि चेहरा, डोळे, हात दिसतील असं चित्रण करावं, ती पूर्ण शुद्धीवर येऊन आपलं नाव सांगेपर्यंत. ते गावच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरला दाखवा.